गावोगावचे कारभारी (लेखांक 6) : वणव्याचा राखणदार

फॉरेस्ट फायर वॉर्डन म्हणजे गावाच्या हद्दीतल्या जंगलाला आग लागू नये म्हणून पाहणारा आणि लागलीच तर ती विझवण्याची जबाबदारी घेणारा, गावातच राहणारा माणूस. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँट या राज्यांत हे पद आजही गावोगाव आहे. वॉर्डन वनखात्याचा पगारी नोकर नसतो. त्याचे घर शेतीवर, लाकूडकामावर किंवा एखाद्या दुकानावर चालते आणि वॉर्डनकी तो त्यासोबत सांभाळतो. आपल्याकडच्या पोलीस पाटलाशी त्याची तुलना बऱ्याच अंशी जमते. माणूस गावचा, नेमणूक सरकारची, मोबदला थोडा आणि अधिकार मात्र खरेखुरे.

या भागात वॉर्डन का लागला, याचे उत्तर जमिनीत आहे. व्हरमाँटमध्ये एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी आणि लाकडासाठी बहुतेक रान साफ झाले होते. पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, ओस पडलेल्या शेतांवर झाडी पुन्हा चढली, आणि आज राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. न्यू हॅम्पशर आणि मेनमध्ये हे प्रमाण त्याहून जास्त. घरे, गोठे, शाळा सगळे या झाडीतच वसलेले आहे. त्यामुळे इथे वणवा हा फक्त जंगलाचा प्रश्न कधीच नव्हता.

आग लागण्याचा हंगाम मात्र मराठी वाचकाला अनपेक्षित वाटेल असा आहे. आपल्याकडे सह्याद्रीत फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याची धास्ती असते. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, धोका असतो तो बर्फ वितळल्यापासून झाडांना नवी पाने फुटेपर्यंत, म्हणजे मुख्यतः एप्रिल आणि मे महिन्यांत. फांद्या उघड्या असल्याने ऊन थेट जमिनीवर पडते, गेल्या वर्षीचे गवत आणि पालापाचोळा एक-दोन दिवसांत कुरकुरीत होतो, वाराही याच दिवसांत जोरात असतो. नेमक्या याच वेळी लोक हिवाळ्यात मोडलेल्या फांद्या गोळा करून अंगण साफ करायला काढतात, आणि ढीग पेटवतात. कोकणात भाजावळीची आग बांध ओलांडून रानात शिरते, तसाच हा प्रकार.

अशा आगीतून भलेभले सुटलेले नाहीत. दुर्गाबाई भागवतांनी ज्याचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले, तो हेन्री डेव्हिड थोरो एप्रिल 1844 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या काँकर्ड गावाजवळ मित्रासोबत नदीकाठी मासे शिजवत होता. चुलीची ठिणगी वाळल्या गवतात गेली आणि सुमारे 300 एकर रान जळाले. वॉल्डन तळ्याकाठी राहायला जाण्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. गावकऱ्यांनी ते त्याला बरीच वर्षे विसरू दिले नाही. त्या वेळी काँकर्डला चूल पेटवण्याआधी कोणाला विचारावे असा नियमच नव्हता.

तो आला पुढच्या पिढ्यांत, आणि सुरुवातीला गावाच्या कारभाऱ्यांच्याच गळ्यात पडला. न्यू यॉर्क राज्याने 1885 मध्ये सरकारी जंगल असलेल्या गावांतल्या ‘सुपरवायझर’ या निवडून आलेल्या प्रमुखावर त्या जंगलाच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. मेनने 1891 मध्ये गावचे सिलेक्टमन, म्हणजे कारभारी मंडळाचे सदस्य, पदसिद्ध फायर वॉर्डन ठरवले. कागदावर ही व्यवस्था सोपी होती, पण तिच्यात एक अडचण होती. शेजाऱ्याला दंड करायचा आणि आग विझवायला गावाच्या तिजोरीतून मजुरी द्यायची, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच शेजाऱ्याकडे मत मागायचे, हे कोणालाही जड जाते. न्यू हॅम्पशरमध्ये 1903 साली सुमारे 84,000 एकर जंगल जळाले. तोडलेल्या झाडांचा फांदोरा जागेवरच पडलेला असे आणि आगगाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडत, त्यामुळे आगीला निमित्त लागत नसे. त्यानंतर 1909 मध्ये त्या राज्याने नवी रीत घातली. नावे गावाने सुचवायची आणि नेमणूक राज्याच्या वनप्रमुखाने करायची. 1911 च्या ‘वीक्स कायद्या’ने अशा राज्यांना वणवा-संरक्षणासाठी केंद्र सरकारचे पैसे मिळू लागले. आजही वॉर्डनला गावाची आणि राज्याची अशी दुहेरी मान्यता लागते. व्हरमाँटमध्ये त्याची मुदत 5 वर्षांची आहे, आणि उत्तराधिकारी नेमला जाईपर्यंत तो पदावर राहतो.

वॉर्डनच्या कामाचा सर्वांत मोठा भाग आगीजवळ घडतच नाही. तो घडतो फोनवर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, किंवा त्याच्या जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या परवाना-पुस्तकावर. भोवती बर्फ नसताना काडीकचरा जाळायचा तर वॉर्डनची परवानगी लागते. मागायला आलेल्याला तो विचारतो : ढीग किती मोठा? झाडी किती अंतरावर? पाण्याचा पाइप तिथवर पोहोचतो का? विझेपर्यंत थांबणार कोण? न्यू हॅम्पशरमध्ये पाच इंचांहून कमी जाडीच्या फांद्या आणि रंग-रसायन न लावलेले लाकूड एवढेच जाळता येते, घरातला कचरा नाही. पाऊस पडत नसेल तर मोठी आग संध्याकाळी 5 ते सकाळी 9 या वेळेतच पेटवायची. नियम अनुभवातून आला आहे. सूर्य कलला की वारा पडतो, हवेतला ओलावा वाढतो आणि ठिणगी गवतात पडली तरी बहुधा विझते. वारा उलटा असला की वॉर्डन म्हणतो, ‘आज नको.’ समोरचा कधी त्याचा शाळासोबती असतो, कधी गिऱ्हाईक. तरीही नाही म्हणणे, हाच या कामाचा कस आहे, आणि त्या नकाराने वाचलेले रान कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

आग लागलीच तर कायदा वॉर्डनच्या हाती बरेच काही देतो. तो कोणाच्याही जमिनीत शिरू शकतो आणि कोणालाही मदतीला बोलावू शकतो. (जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यांनी वणवा विझवायला मदत करावी, असे बंधन 1927 च्या भारतीय वन कायद्यातही आहे.) हत्यारे साधी असतात. दाताळे, फावडे, कुदळ-कुऱ्हाड आणि पाठीवरचा पंप. हा पंप आपल्या शेतकऱ्याच्या फवारणी पंपाचाच भाऊ. जवळपास 19 लिटर पाणी, भरल्यावर 20 किलोंच्या आसपास वजन, आणि दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढायची पितळी नळी. असा पंप घेऊन चढण चढणे म्हणजे काय, ते खांद्यांनाच ठाऊक. पाणी जपून, ज्वालेच्या बुडाशी मारायचे. पुढची माणसे पालापाचोळा खरवडून खाली माती दिसेपर्यंत पट्टी काढत जातात, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही.

ज्वाला विझल्या की नवख्याला काम संपल्यासारखे वाटते, पण जाणता वॉर्डन माणसांना घरी सोडत नाही. या जंगलांत जमिनीवर कुजलेल्या पानांचा आणि मुळांचा जाड थर असतो. त्यात आग धूर न दाखवता दिवसेंदिवस धुमसते. म्हणून तो हातमोजा काढतो आणि उलटा हात राखेवरून, खोडांच्या बुडाशी फिरवत जातो. जिथे धग लागेल तिथे खणायचे, पाणी ओतून कालवायचे, पुन्हा हात लावून पाहायचा. मेनमधल्या माउंट डेझर्ट बेटावर ऑक्टोबर 1947 मध्ये काय झाले ते पाहिले की ही चिकाटी कशासाठी ते कळते. 17 तारखेला कळलेली आग पहिल्या तीन दिवसांत 169 एकरांपुरती राहिली. 21 ला वारा सुटला आणि 23 ला वादळी वाऱ्याने ती बार हार्बर गावापर्यंत नेली. शेवटी बेटावरची 17,000 एकरांहून अधिक जमीन जळाली, आणि आग पूर्ण विझल्याचे जाहीर झाले ते 14 नोव्हेंबरला. त्या शरद ऋतूत मेनभर दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. एका गावाचा वॉर्डन, एका राज्याचे खाते अशा आगीला पुरत नाही हे तेव्हा कळले, आणि 1949 मध्ये न्यू इंग्लंडची राज्ये आणि न्यू यॉर्क यांनी परस्परांना माणसे आणि यंत्रे देण्याचा करार केला. पुढे त्यात कॅनडाचे क्वेबेक आणि न्यू ब्रन्सविक हे प्रांतही आले.

वॉर्डनचे उरलेले आयुष्य गावकीत जाते. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात कामे भरपूर आणि ती उचलणारी माणसे मोजकी, त्यामुळे वॉर्डनच अनेकदा स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख असतो, कधी सिलेक्टमन, कधी शाळा समितीवर, कधी रस्त्यांचा कारभारी. मार्चमध्ये टाऊन मीटिंग भरते, व्हरमाँटमध्ये पहिल्या मंगळवारी आणि न्यू हॅम्पशरमध्ये दुसऱ्या. ही ग्रामसभाच, फरक इतकाच की अंदाजपत्रक इथे बाबवार मतांनी मंजूर होते. पंपासाठी, होजसाठी, जुन्या ट्रकच्या टायरसाठी मागितलेल्या पैशांचा जाब वॉर्डनला तिथे उभे राहून द्यावा लागतो. वणवा विझवण्याचा खर्च गाव आणि राज्य वाटून घेतात, म्हणून त्याची वही चोख लागते : कोण आले, किती तास राबले, आग कशाने लागली, किती एकर गेले.

या वहीतला मजकूर गावाच्या छापील वार्षिक अहवालात वॉर्डनच्या नावाने येतो. कर भरणाऱ्यांची थकबाकी, वर्षातले जन्म-मृत्यू-विवाह, ग्रंथालयाचा हिशेब यांच्यामध्ये त्याचे पान असते. परवाने इतके, आगी इतक्या, आणि बर्फ नसेल तर पेटवण्याआधी फोन करा अशी विनंती. पुष्कळ गावांत हा अहवाल दरवर्षी एखाद्या वडीलधाऱ्या गावकऱ्याला अर्पण करतात. अर्पणपत्रिकेवर फोटो असतो, त्याखाली त्याने सांभाळलेल्या पदांची आणि वर्षांची यादी. वॉर्डनकी सोडलेल्या माणसाच्या त्या यादीत ‘फॉरेस्ट फायर वॉर्डन’ हे शब्द येतात, आणि वही तोवर त्याच्या हाताखाली तयार झालेल्या डेप्युटीकडे गेलेली असते.