समुद्रतळाचं भाडं आणि राजाचा खर्च

लंडनच्या राजवाड्याचा जमाखर्च दर उन्हाळ्यात प्रसिद्ध होतो आणि मी तो चवीने वाचतो. माझ्या मित्रमंडळींना हा छंद निरुपद्रवी वेडेपणा वाटतो. वाटो बापडा. चार वर्षं 8 कोटी 63 लाख पौंडांवर अडलेलं ब्रिटिश राजाचं अनुदान 2025-26 साठी एकदम 13 कोटी 21 लाखांवर गेलं. राजाने वाढ मागितली नव्हती, संसदेत कुणी ठरावही मांडला नव्हता. समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी कंपन्यांनी जागा राखून ठेवल्या, त्यांचे पैसे भरले, आणि राजाचं अनुदान वाढलं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. 1760 मध्ये तिसऱ्या जॉर्जने राजजमिनींचं उत्पन्न संसदेच्या हवाली केलं आणि बदल्यात ठरावीक वार्षिक नेमणूक घेतली. ती व्यवस्था रखडत-रेटत अडीचशे वर्षं चालली. 2012 पासून सूत्र बदललं : ‘क्राउन इस्टेट’ या मालमत्तेच्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याचे पंधरा टक्के. पुढे बकिंगहॅम राजवाड्याच्या 36 कोटी 90 लाखांच्या डागडुजीसाठी पंचवीस टक्के. पवनचक्क्यांचा पैसा येऊ लागल्यावर बारा टक्के. पण नफाच 110 कोटींवर गेल्यामुळे ते बारा टक्केही भारी पडले.

आता मला खरं बोलायचं आहे ते या क्राउन इस्टेटबद्दल. ही मालमत्ता राजाच्या नावावर आहे, पण तो ती विकू शकत नाही. तिचा नफा सरकारजमा होतो, पण सरकार तिचा कारभार पाहत नाही. तिच्यात विंडसरचं विस्तीर्ण उद्यान आहे, अ‍ॅस्कॉटचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान आहे, आणि इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंडभोवती बारा सागरी मैलांपर्यंतचा जवळजवळ सगळा समुद्रतळ आहे. तळावरून केबल न्यायची, वाळू उपसायची, पवनचक्की रोवायची, तर भाडं इथे भरायचं. (स्कॉटलंडचा हिशेब 2017 पासून वेगळा झाला.)

ब्रायटनच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर रॅम्पियनच्या 116 पवनचक्क्या दिसतात. मी तिथे गेलो तेव्हा बाकीचे पर्यटक पाण्यात पाय बुडवत होते आणि मी बायकोला भाडेकराराची माहिती देत होतो. ती शांतपणे आइस्क्रीम आणायला गेली. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की घुमटांचा आणि मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन लागतो. पहिल्या महायुद्धात इथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. पण मुळात तो चौथ्या जॉर्जचा, युवराज असतानापासूनचा, चैनीचा महाल. या गृहस्थाने सहा लाख पौंडांवर कर्ज करून ठेवलं होतं आणि ते फेडण्याची सोय व्हावी म्हणून 1795 मध्ये न आवडणाऱ्या आतेबहिणीशी लग्न केलं. त्याचा लाडका वास्तुविशारद जॉन नॅश. पॅव्हिलियनला आजचं रूप दिलं ते त्यानेच. बकिंगहॅमचा राजवाडाही त्यानेच वाढवला. खर्च इतका हाताबाहेर गेला की जॉर्ज वारल्यावर 1830 मध्ये नॅशला काढून टाकण्यात आलं. आणि लंडनची रीजंट स्ट्रीटही त्याचीच. आज त्या रस्त्यावरच्या झगमगीत दुकानांचं भाडं क्राउन इस्टेटच्या तिजोरीत पडतं. म्हणजे सगळ्यात उधळ्या राजाची हौस आज कमावते आहे, आणि त्याच कमाईच्या हिशेबाने त्याच नॅशच्या दुसऱ्या इमारतीची डागडुजी चालली आहे!

राजाचे समर्थक यावरून म्हणतात, राजा देतो 110 कोटी, घेतो फक्त 13, दरडोई दोन पौंडसुद्धा नाहीत. हा युक्तिवाद मला साफ अमान्य आहे. जी मालमत्ता राजाला विकता येत नाही, ती त्याने ‘दिली’ कशी? आपल्याकडे होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन स्वच्छ हिशेब होते. अहिल्याबाईंनी घाट आणि देवळं बांधली ती खासगीतून. लंडनला असे दोन रकाने पाडायचा प्रयत्न केला की मध्येच लँकेस्टर आणि कॉर्नवॉल या दोन डची, म्हणजे वंशपरंपरागत जहागिरी, उभ्या राहतात. त्यांचं उत्पन्न राजाला आणि युवराजाला मिळतं. त्या मुलखात कुणी मृत्युपत्राविना, वारसाविना मेला, तर त्याची शिल्लक या डचींकडे जाते. एकविसाव्या शतकात!

विरोधकांचं गणितही ताणलेलंच. ‘रिपब्लिक’ ही संघटना वर्षाचा खरा खर्च 51 कोटी पौंड सांगते. त्यात पोलीस बंदोबस्ताचा अंदाज धरलेला आहे, कारण तो आकडा सरकार उघड करत नाही. पर्यटनाच्या दाव्यात मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे : व्हर्सायला राजा नाही, तरी तिथे रांगा लागतातच.

हा वाद जुना आहे. राजघराण्याच्या नेमणुकांवर तुटून पडणारे खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ 1889 च्या मुंबई काँग्रेसला हजर होते. 1969 मध्ये तत्कालीन राणीचे पती फिलिप यांनी अमेरिकन टीव्हीवर सांगितलं की पुढच्या वर्षी आमचा हिशेब तोट्यात जाणार, कदाचित मला पोलो सोडावा लागेल. लोक हसले, चिडले. पण 1952 पासून गोठलेली 4 लाख 75 हजारांची नेमणूक 1972 मध्ये 9 लाख 80 हजार झाली. 1992 मध्ये विंडसरचा किल्ला जळाला आणि दुरुस्ती करदात्यांनी का करावी, असा ओरडा झाला. पुढच्याच वर्षी राणी प्राप्तिकर भरू लागली आणि तिकीट काढून बकिंगहॅम पाहता येऊ लागलं. जनतेची कुरकुर एवढी फलदायी क्वचितच ठरली असेल.

म्हणूनच मला टक्केवारीचं सूत्र खटकतं. फिलिपना निदान तोंड उघडावं लागलं, संसदेला त्यावर भांडावं लागलं. आता वारा सुटला की रक्कम वाढते आणि कायद्याप्रमाणे ती आदल्या वर्षापेक्षा कमी होऊ शकत नाही. पवनचक्क्यांचा जादा पैसा लोकहितासाठी वापरावा, असं राजे चार्ल्स यांनी 2023 मध्ये स्वतःच सुचवलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. नऊ डब्यांची राजेशाही आगगाडीही 2027 पर्यंत बंद होणार आहे. राजवाड्याचं कामही तेव्हाच संपायचं आहे. त्यानंतर अनुदान खाली आणायचं तर संसदेला कायदाच बदलावा लागेल. तेव्हाची चर्चा ऐकायला मी आतापासून उत्सुक आहे, बायको नाही.