नऊ एकांचा वर्ग

इतिहास हा आमचा विषय. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही एका संख्येवर लिहीत आहोत, कारण तिच्यामागे एका शाळामास्तरांचा इतिहास आहे. ती सतरा अंकी संख्या अशी: १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा अथवा उजवीकडून, ती तीच राहते.

शेवगाव परिसरातील ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांची मुले वसतिगृहात येतात, तेव्हा ‘गणित आपल्याला जमायचे नाही’ हे वाक्य बहुधा सोबत आणतात. अशांना आम्ही संध्याकाळच्या अभ्यासात १११ ला १११ ने गुणायला सांगतो. १११ ही ओळ तीनदा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून मांडायची. उभ्या बेरजा येतात १, २, ३, २, १, उत्तर १२३२१. एक हा अंक नऊ वेळा मांडून त्या संख्येचा वर्ग केला, की वरची सतरा अंकी संख्या मिळते. मधल्या रांगेत नऊ एक जमतात, म्हणून हातचा येत नाही.

‘सर, दहा एक घेतले तर?’ हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मध्ये दहा झाले, हातचा डावीकडे सरकला आणि डावीकडील आठ नाहीसा झाला.

या संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. जी. आय. पी. रेल्वेच्या, मुंबईपासून तीस मैलांवरील ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, त्याचे ते नाव. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळालीत शिक्षक होते. विद्यार्थिदशेत, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर पदवी मात्र नव्हती. अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ ठरवले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष वळले. निवृत्तीला तोवर तेरा वर्षे झाली होती! पदवी पाहून ज्ञान मोजण्याची ही खोड आम्हांला इतिहासात अन्यत्रही भेटते.

अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. आपली संख्या हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग. या भागाकाराच्या वर्गमुळातही आठ गायब आहे, हे मुलांनीच आमच्या नजरेस आणले.

एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांत हर्षद तीनच: १, १२३२१ आणि ही. १२३४३२१ ची बेरीज १६, संख्या विषम. ती पहिल्याच पावलाला बाद. उरलेल्या पाच का बाद होतात, हे पालकांनी सुटीत मुलांशेजारी पाटीवर मांडून पाहावे.