सर क्रीकचे दोन परिच्छेद

1908 साली कच्छ आणि सिंधच्या सीमेवर, सर क्रीक नावाच्या 96 किलोमीटरच्या दलदलीच्या खाडीकाठी, सरपणावरून वाद पेटला. लाकूडफाटा तोडायचा हक्क कोणाचा, कच्छच्या रावांच्या रयतेचा की सिंधच्या? सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून तंटा मुंबई सरकारपुढे आला. सहा वर्षं कागद इकडून तिकडे फिरले. 24 फेब्रुवारी 1914 ला ठराव निघाला, नकाशा जोडला गेला आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

ते मिटलं नव्हतं, हे आमच्या किनाऱ्यावर आजही कळतं. मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा किनारा वेसावे, मढ, मनोरी, गोराई असा कोळीवाड्यांचा. आणखी वर गेलं की वसई, सातपाटी, वडराई, डहाणू. डहाणू-तलासरीकडची पोरं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. मासळी वर सरकते, बोट चालवणारा तांडेल तिच्या मागे जातो. एखाद्या रात्री पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाची बोट आडवी येते. वाचलेल्या बोटी वायरलेसवर ओरडून सांगतात, ‘बोट उचलली!’ घरी एवढंच कळतं. नोव्हेंबर 2021 मध्ये तर अशाच एका बोटीवर गोळीबार झाला आणि वडराईचा एक खलाशी जागीच गेला.

समुद्रात हद्द नेमकी कुठे आहे? जमिनीवरची सीमा जिथे पाण्याला मिळते तिथून समुद्रातली रेघ निघते. तो बिंदू सर क्रीकच्या मुखाशी आहे, आणि तिथपर्यंत माग काढला की हातात येतो तोच 1914 चा मुंबईचा ठराव.

तो उघडून वाचला की खरी गोष्ट समोर येते. नवव्या परिच्छेदात म्हटलंय, सीमा म्हणजे नकाशावरची हिरवी रेघ. ती रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणजे अख्खी खाडी सिंधची. लगेच खाली दहावा परिच्छेद. त्यात सिंधच्या कमिशनरांचं म्हणणं नोंदवलंय, की सर आपला प्रवाह वेळोवेळी बदलते, तेव्हा सीमा तिच्या जलमार्गाच्या मध्यावर धरावी. एकाच ठरावात, एकाखाली एक, दोन सीमा! पाकिस्तान नववा परिच्छेद पुढे करतो. भारत दहावा वाचून दाखवतो आणि सोबत 1925 चा नकाशा व खाडीच्या मध्यावर रोवलेले खांब दाखवतो. मला यातली जागा बदलणारी खाडी विसरता येत नाही. ती बदलते हे 1914 साली लिहून ठेवलेलं आहे, आणि तरीही तिच्यावरून रेघ मारली गेली.

1 एप्रिल 1936 ला सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला. 1947 ला फाळणी झाली. 1976 साली दोन्ही देशांनी किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर हक्क सांगणारे कायदे केले. खाडीच्या मुखाशी जो फरक थोड्या अंतराचा, तो समुद्रात पुढे जात जात फार मोठ्या पाण्याचा झाला. 2007 साली दोन्हीकडच्या सर्वेक्षकांनी खाडीची संयुक्त मोजणी केली, नकाशांची देवाणघेवाण केली, पण सीमेच्या करारावर सही झाली नाही.

हा गुंता सुटायची वाट मच्छीमारांनी पाहिली नाही. कराचीकडे पाकिस्तान फिशरफोक फोरम, इकडे नॅशनल फिशवर्कर्स फोरम, आणि 1994 पासून दोन्ही देशांतल्या माणसांना एकत्र बसवणारा पीपल्स फोरम. मुंबईत पत्रकार जतिन देसाई वर्षानुवर्षं हेच काम करतात: कोण पकडला गेला, कुठल्या तुरुंगात आहे, शिक्षा कधी संपली, घरच्यांना कळलं का. कराचीच्या मलीर तुरुंगातलं नाव तिकडच्या कार्यकर्त्याकडून इकडे येतं आणि डहाणूच्या पाड्यावरच्या आईला पोरगा जिवंत असल्याचं कळतं. याला मी या किनाऱ्यावरचं सगळ्यात मोलाचं शोधकार्य मानते. सिंधच्या मच्छीमारांचीही हीच दशा. तेही चुकून इकडे येतात आणि गुजरातच्या तुरुंगात बसतात.

सरकारांनीही काही पावलं टाकली. 21 मे 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. संबंध कितीही ताणले असले तरी याद्या गेल्या आहेत. निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती दोन्हीकडच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची, आणि तिच्यामुळे माणसं सुटली. 2013 नंतर ती बसलेली नाही. खाडीचा तंटा उद्याच मिटवा, असं कोणी मच्छीमार मागत नाही. ही समिती पुन्हा बसवा, शिक्षा भोगून झालेल्याला घरी पाठवा, चुकून हद्द ओलांडणाऱ्याला समुद्रातूनच परत फिरवा आणि जप्त केलेल्या बोटी सोडा, एवढं त्यांचं मागणं आहे. माणूस सुटतो, पण बोट बहुतेक वेळा तिकडेच सडते, आणि तिच्यावरचं कर्ज मालकाला फेडावंच लागतं.