बायको कॉलेजात, नवरा गोंधळात

चाळिशीतल्या बायकोने मुक्त विद्यापीठात नाव घातलं, की घरातली पहिली कुरकुर वेळेवरून होते. रविवारी संपर्क सत्र, रात्री स्वाध्याय, परीक्षा नेमकी लग्नसराईत. पण खरी गंमत डोक्याच्या आत चाललेली असते.

आर्थर आणि इलेन ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणारे होते पदव्युत्तर शिक्षण घेणारे विवाहित विद्यार्थी. अभ्यास आणि संसार, दोन्ही सांभाळणारे! आधी प्रत्येकाने स्वतःचे आणि जोडीदाराचे स्वभावगुण नोंदवले. नंतर संगणकावर एकेक गुण झळकायचा आणि बटण दाबायचं : मी असा आहे, किंवा नाही. प्रश्न फक्त स्वतःपुरता. तरीही ज्या गुणात नवरा-बायको वेगळे, तिथे बोट किंचित रेंगाळायचं. जोडीदार तिथे हजर नसताना उत्तरात लुडबुड करत होता!

म्हणजे संसारात ‘मी’ची हद्द पुसट होते. ॲरन दांपत्याच्या मते प्रेमात पडण्यामागे स्वतःचा विस्तार करण्याची ओढ असते. जोडीदाराची माहिती, ओळखीपाळखी, नजर हे सगळं थोडं आपलंही होतं.

शिकण्यानेही ‘मी’ वाढतोच, पण एकाचाच. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं, नाशिकचं १९८९ मध्ये. मोठ्या वयात शिकणाऱ्यांच्या किती घरांत हा पेच शिरला असेल! विली रसेल यांच्या ‘एज्युकेटिंग रिटा’ (१९८०) या नाटकात केशभूषा करणारी रिटा साहित्य शिकू लागते, आणि नवरा तिची पुस्तकं जाळतो. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. मला तो घाबरलेला वाटतो. ज्या बायकोवर त्याचा निम्मा ‘मी’ उभा, तीच बदलतेय.

यावर उतारा? २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ॲरन आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचे हातपाय वेल्क्रोने एकमेकांना बांधले आणि उशीला हात न लावता ती रांगत पलीकडे न्यायला लावली. खेळ जेमतेम सात मिनिटांचा, अगदीच येडचाप. पण कंटाळवाणं काम मिळालेल्या जोडप्यांपेक्षा यांना आपलं नातं नंतर अधिक सुखाचं वाटलं. नवं काहीतरी, आणि तेही दोघांनी मिळून; एवढं पुरलं.

रिटाच्या प्राध्यापकानेही तिला नवऱ्यासकट जेवायला बोलावलं होतं. नवरा गेला नाही.