आच्छादन आणि अर्थ : पदर, पडदा, बुरखा

मराठीत 'झाकणे' या क्रियेभोवती शब्दांचा मोठा परिवार आहे. त्यांतील पदर, पडदा आणि बुरखा हे तिन्ही शब्द आच्छादनाशी निगडित असले, तरी त्यांचे लक्ष्यार्थ एकाच दिशेने गेलेले नाहीत. हा भेद का पडला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मुळात आच्छादनाचा सामाजिक अर्थही स्थिर नसतो. याची साक्ष चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मिळते. त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितिन सु. १४६९ मध्ये चौल बंदरात उतरला. येथील लोक उघड्या डोक्याने व उघड्या छातीने वावरतात, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तान्तात नोंदविले. राजाच्या डोक्यावर मात्र एक 'फोता' व कमरेस दुसरा; राणीच्या खांद्यावरून एक व कमरेस दुसरा. म्हणजे या वर्णनात झाकलेले डोके आहे ते राजाचे. आच्छादन येथे लज्जेचे नसून दर्जाचे चिन्ह ठरते. पौर्वात्य भाषांतून रशियनमध्ये गेलेला हाच शब्द आज तेथे 'फता' या रूपात वधूच्या अवगुंठनासाठी रूढ आहे. शब्द तोच; संकेत समाजागणिक पालटला.

मराठीतील लक्ष्यार्थांकडे वळल्यास 'पडदा' हा फारसी शब्द प्रामुख्याने दृष्टिआड करण्याचा वाचक झालेला दिसतो : पडदा टाकणे, पडद्याआड, आडपडदा. 'बुरखा' हा अरबी मूळ असलेला शब्द त्याही पुढे जाऊन दांभिकतेचा पर्याय बनला. सभ्यतेचा बुरखा पांघरला जातो आणि तो फाडणारा प्रशंसेस पात्र होतो. याउलट पदर पसरणे, पदरात घेणे, पदरमोड, पदरचे खर्चणे या प्रयोगांत लपविणे जवळजवळ नाहीच. आहे ते मागणे, सांभाळणे आणि देणे. कारण उघड आहे. पदर हा नेसत्या वस्त्राचाच भाग. त्यात पैसे बांधले जातात, धान्य घेतले जाते, मूल झाकले जाते. बुरख्याला झाकण्यावाचून दुसरे काम नाही. वस्तूच्या व्यवहारातून लक्षणा आकार घेते, ती अशी.

पदर डोक्यावर असावा, हा संकेतही ज्ञात होताच. जनाबाईच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात जाण्याचा निर्धार आहे. तेथे पदर ढळणे हा प्रमाद नसून लोकलाजेचा बुद्धिपुरस्सर त्याग आहे. मात्र या त्यागाला अर्थ येतो तो संकेत आधी मान्य असल्यामुळेच. निकितिनने पाहिलेल्या उघड्या मस्तकांना असा कोणताही अर्थ नाही.

यावरून दोन गोष्टी संभवतात. जुन्या संहितेतील झाकलेले वा उघडे मस्तक पाहताच आजचा शालीनतेचा अर्थ तिच्यावर लादणे धोक्याचे आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रूपकातला बुरखा बहुधा कपटी, प्रतिष्ठित पुरुष पांघरतो. प्रत्यक्षातला बुरखा स्त्री वापरते, आणि तिच्या वापरण्यात फसवणुकीचा हेतू नसतो. तरीही भाषेने कपटाचा डाग ठेवला तो तिच्या वस्त्रावर. लक्षणा निर्दोष नसते. ती वापरणाऱ्या समाजाची दृष्टीही तिच्यातून उघडी पडते.