जुना खेळ नव्या संगणकावरही का अडखळतो?

‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ हा विमान उडवण्याचा खेळ २००६ साली आला. आजच्या महागड्या संगणकावरही मोठ्या शहरावरून जाताना तो अडखळतो, आणि दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. नवे कार्ड घेतल्यावर दाट ढग आणि मोठा पडदा त्याला सोपे जातात, पण अडखळणे फारसे थांबत नाही.

कारण या खेळाचा मुख्य भार प्रोसेसरवर (आकडेमोड करणाऱ्या चिपवर) असतो, तोही बराचसा एकाच कोअरवर (चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागावर). पोळपाट-लाटणे एकच असेल, तर स्वयंपाकघरात आठ माणसे उभी करून पोळ्या आठपट होत नाहीत. लाटणाऱ्याचा हात किती चालतो, त्यावरच सारे ठरते. २००७च्या सुधारणेने जमिनीचे चित्र तयार करण्याचे काम इतर कोअरांकडेही दिले. म्हणजे कणीक मळायला माणूस मिळाला, लाटणे एकाच्याच हाती राहिले.

मेमरीचेही तसेच. मूळ खेळ ३२-बिटचा असल्याने संगणकात ३२ जीबी असली तरी तो फार तर ४ जीबी वापरू शकतो. तपशीलवार विमानतळ जोडत गेल्यास ही मर्यादा गाठली जाते आणि खेळ बंद पडतो, कित्येकदा लांबच्या उड्डाणानंतर अगदी उतरताना. ते फार जिव्हारी लागते.

म्हणून प्रोसेसर निवडताना कोअर किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग पाहावा. त्याआधी खेळातली विमानांची आणि रस्त्यांवरची रहदारी कमी करून पाहावी. त्याला पैसे पडत नाहीत.