संगणकीय हिशेबलेखनातील व्यावसायिक क्रेडिट कार्ड खात्याची जुळवणी : एक विवेचन

प्रस्तावना :
बँक जुळवणी पत्रक हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला विषय आहे. रोकड पुस्तकाची शिल्लक व पासबुकाची शिल्लक यांतील फरकाची कारणे शोधणे हा त्याचा हेतू होय. आज व्यवसायातील प्रवास, जाहिरात, किरकोळ खरेदी यांसारखे खर्च क्रेडिट कार्डाने भागविले जातात. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत व्यवसाय क्रेडिट कार्डाचा स्वतंत्र उल्लेख आहे. तथापि या खात्याची जुळवणी दुर्लक्षित राहते व त्याचा परिणाम नफा, देणी आणि कर या तिन्हींवर होतो. प्रस्तुत लेखात टॅली या प्रचलित संगणक प्रणालीच्या संदर्भात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :
१. क्रेडिट कार्ड खात्याचे हिशेबी स्वरूप स्पष्ट करणे.
२. शिल्लकांतील फरकाची कारणे व त्यांची जुळवणी उदाहरणाने मांडणे.

खात्याचे स्वरूप :
बँकेतील ठेव ही व्यवसायाची मालमत्ता, तर कार्डावरील बाकी हे व्यवसायाचे देणे होय. त्यामुळे कार्ड खात्याची शिल्लक सामान्यतः जमा बाजूस असते. कार्डाने खरेदी होताच खर्च खाते नावे व कार्ड खाते जमा करावे. देयक भरताना कार्ड खाते नावे व बँक खाते जमा करावे. येथेच सर्वाधिक आढळणारी चूक संभवते. देयकाची रक्कम भरताना ती पुन्हा खर्चास नावे टाकली, तर एकच खर्च दोनदा नोंदला जातो. नफा कमी दिसतो आणि फेडलेले देणेही पुस्तकात तसेच राहते.

कार्डाचे विवरणपत्र बँकेच्या दृष्टिकोनातून लिहिलेले असते. म्हणून आपण भरलेली रक्कम तेथे जमा दिसते, तर आपल्या खतावणीत ती नावे असते. हा भेद लक्षात न घेता विवरणपत्र संगणकात आयात केल्यास सर्व नोंदी उलट्या पडू शकतात.

टॅलीमध्ये हे खाते केवळ ‘चालू देणी’ या गटात उघडण्यापेक्षा ‘बँक ओडी’ या गटात उघडणे सोयीचे ठरते. कारण त्या गटातील खात्यांना बँक जुळवणीची सुविधा उपलब्ध असते. प्रत्येक नोंदीसमोर विवरणपत्रातील तारीख भरली की कोणत्या नोंदी जुळल्या व कोणत्या प्रलंबित आहेत, हे समजते.

उदाहरण :
समजा, एका छापखान्याच्या कार्डाचे विवरणपत्र दर महिन्याच्या २० तारखेस निघते. २० मार्च रोजी खतावणीत ४२,६०० रुपये जमा शिल्लक आहे, तर विवरणपत्रात देय रक्कम ३८,३३० रुपये आहे. तपासणीत पुढील बाबी आढळल्या :

(अ) १९ मार्चची ६,२०० रुपयांची कागदखरेदी बँकेने २२ मार्चला नोंदविली.
(आ) वार्षिक शुल्क १,००० रुपये व त्यावरील १८ टक्के कर १८० रुपये पुस्तकात नोंदलेले नाहीत.
(इ) परत केलेल्या मालाचे २,४०० रुपये कार्डावर जमा झाले, पण पुस्तकात नोंद नाही.
(ई) मालकाची ३,१५० रुपयांची घरगुती खरेदी याच कार्डावर झाली.

यांपैकी (आ), (इ) व (ई) यांच्या नोंदी पुस्तकात कराव्या लागतात. त्यानंतर शिल्लक ४२,६०० + १,१८० − २,४०० + ३,१५० = ४४,५३० रुपये होते. (अ) हा केवळ कालावधीचा फरक असल्याने त्यासाठी नवी नोंद करू नये. ४४,५३० मधून ६,२०० वजा करता ३८,३३० रुपये येतात व जुळवणी पूर्ण होते. घरगुती खरेदी ‘उचल’ खात्यास नावे टाकावी. ती व्यवसायाचा खर्च नव्हे.

फरकाची रक्कम ‘किरकोळ खर्च’ दाखवून शिल्लक बळेच जुळविणे अयोग्य आहे. वरील उदाहरणात एकूण फरक ४,२७० रुपयांचा दिसतो. परंतु त्यामागे चार भिन्न व्यवहार आहेत.

कर व वर्षअखेर :
विवरणपत्रातील ओळ हे देणे झाल्याचा पुरावा आहे, कर-बीजक नव्हे. वस्तू व सेवा कराची वजावट घेण्यासाठी विक्रेत्याचे बीजक आवश्यक असते व ते जीएसटीआर-२बी मध्ये दिसावे लागते. कर्जावरील सर्वसाधारण व्याजास या करातून सूट असली, तरी क्रेडिट कार्डावरील व्याजास ती नाही. म्हणून व्याज व कर यांची नोंद स्वतंत्र करावी.

ताळेबंद ३१ मार्चचा असतो, विवरणपत्र २० मार्चचे. मधल्या ११ दिवसांची खरेदी त्याच आर्थिक वर्षात नोंदली पाहिजे. अन्यथा देणी व खर्च दोन्ही कमी दिसतील. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी प्रणाली वापरणे बंधनकारक आहे. वर्षअखेरीस जुन्या नोंदी बदलत बसण्यापेक्षा दरमहा जुळवणी करणे त्यांच्या दृष्टीने हितावह आहे.

निष्कर्ष :
संगणक रकमा व तारखा जुळवू शकतो; परंतु खर्च व्यवसायाचा की मालकाचा, फरक चुकीचा की कालावधीचा, हे लेखापालानेच ठरवावे लागते. देयक भरणे म्हणजे देण्याची फेड, नवा खर्च नव्हे, हे तत्त्व पाळून दरमहा जुळवणी केल्यास ताळेबंदातील देण्याचा आकडा विश्वसनीय ठरतो. वाणिज्य अभ्यासक्रमात बँक जुळवणी पत्रकासोबत कार्ड खात्याची जुळवणीही प्रात्यक्षिकाद्वारे शिकविली जावी, असे सुचवावेसे वाटते.